वाचकांचे प्रश्न : एअर फ्लो सेन्सर धुवावा की बदलावा?

प्रश्न : माझी १.३ लिटर डिझेल मोटार २०१४ सालची आहे. गेल्या काही महिन्यांपासून घाट चढताना ती पूर्वीसारखी ओढत नाही. काळा धूर मात्र येत नाही. अलीकडे चेक इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरवर पी०१०१ हा कोड आला. मेकॅनिक एअर फ्लो सेन्सर नवा बसवायला सांगतात, तर शेजाऱ्यांच्या मते कार्ब्युरेटर क्लीनरने तो धुतला की भागते. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : घाईने नवा सेन्सर विकत घेऊ नका आणि कार्ब्युरेटर क्लीनर तर त्याच्या जवळही आणू नका.

हा सेन्सर एअर फिल्टरची पेटी आणि टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) यांच्यामधल्या नळीत असतो. त्यातील अतिशय पातळ पट्टी आत येणाऱ्या हवेपेक्षा ठराविक अंशांनी अधिक गरम ठेवलेली असते. वाहती हवा तिला थंड करते आणि तिच्यावरील तापमानाच्या फरकावरून किती वजनाची हवा इंजिनात जात आहे, हे इंजिनच्या संगणकाला कळते. डिझेल मोटारीत धूर न होता जास्तीत जास्त किती इंधन सोडता येईल आणि ईजीआर व्हॉल्व (जळालेल्या धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) किती उघडावा, हे याच आकड्यावर ठरते. पट्टीवर धूळ व तेलाचा थर बसला की हवा प्रत्यक्षाहून कमी मोजली जाते आणि संगणक इंधन आखडता घेतो. परिणामी मोटार ओढत नाही, पण धूरही होत नाही. आपण सांगितलेली लक्षणे याच्याशी जुळतात, म्हणून सेन्सरवर संशय घेणे रास्त आहे.

मात्र पी०१०१ या कोडचा अर्थ ‘सेन्सर खराब’ असा नाही. इंजिनाचे फेरे आणि इतर मोजमापांवरून जेवढी हवा अपेक्षित आहे, तेवढी सेन्सरच्या आकड्यात दिसत नाही, इतकेच तो सांगतो. ईजीआर व्हॉल्व काजळीने उघडा अडकला असेल, तर ताज्या हवेची जागा धुराने घेतलेली असते. अशा वेळी सेन्सर कमी हवा दाखवतो आणि ते खरेच असते. सेन्सर आणि टर्बो यांच्यामधली नळी फाटली असेल, तर न मोजलेली हवा आत शिरते. टर्बो आणि इंजिन यांच्यामधली नळी गळत असेल, तर मोजलेली हवा वाटेतच निसटते. त्या वेळी मात्र इंधन जास्त पडून काळा धूर दिसतो आणि जोर लावताना फुस्स असा आवाज येतो. त्यामुळे आधी फिल्टर उघडून पाहा, प्रत्येक क्लॅम्प हाताने हलवून पाहा आणि नळ्यांच्या वाकणांवर चिरा आहेत का, ते उजेडात तपासा.

त्यानंतर मेकॅनिकला स्कॅनरवर सेन्सरचा चालू आकडा, म्हणजे दर स्ट्रोकला एका सिलिंडरमध्ये किती मिलिग्रॅम हवा जाते ते, दाखवायला सांगा. आपल्या इंजिनाच्या एका सिलिंडरचे आकारमान सुमारे ३१२ घन सेंटिमीटर आहे. समुद्रसपाटीला तेवढ्या हवेचे वजन साधारण ३७० मिलिग्रॅम भरते आणि सांगलीच्या उंचीवर ते ३५० च्या आसपास येते. इंजिन आयडलवर (मोटार उभी, अॅक्सिलरेटर न दाबता) असताना ईजीआर बंद केला, की दर स्ट्रोकचा आकडा याहून थोडा कमी दिसावा आणि ईजीआर उघडताच तो स्पष्टपणे उतरावा. उघडझाप करूनही आकडा हलत नसेल, तर दोष आधी ईजीआरमध्ये शोधावा. आकडा नीट हलतो पण सतत फारच खाली राहतो, तर सेन्सर मळलेला असण्याची शक्यता मोठी आहे. सेन्सरच्या वायरींचा कनेक्टर काढून मोटार चालवून पाहण्याची पद्धत रूढ आहे. परंतु कनेक्टर निघाला की बहुतेक डिझेल मोटारींत संगणक ईजीआरही बंद करतो. म्हणून तेवढ्यावरून मोटार सुधारली तरी सेन्सरच दोषी ठरत नाही. बरेच चांगले सेन्सर याच चाचणीमुळे नाहक बदलले जातात, असे मला वाटते.

धुण्यासाठी एअर फ्लो सेन्सरकरिताच मिळणारा स्प्रे वापरावा. कार्ब्युरेटर किंवा ब्रेक क्लीनरमधील तीव्र द्रावके पट्टीवरील लेप आणि प्लॅस्टिक खराब करू शकतात. इंजिन थंड होऊ द्या, चावी काढा, कनेक्टरची कडी दाबून तो सोडवा आणि स्क्रू योग्य टॉर्क्स पान्यानेच काढा. सेन्सर बाहेर आला की थोड्या अंतरावरून दहा-पंधरा फवारे मारून मळ वाहून जाऊ द्यावा. पट्टीला बोट, कापूस वा ब्रश लावू नये आणि कंप्रेसरची हवाही मारू नये; पट्टी इतकी नाजूक असते की एका स्पर्शाने कायमची निकामी होऊ शकते. स्प्रे ज्वालाग्राही असतो, म्हणून सेन्सर अर्धा तास उघड्यावर पूर्ण वाळू द्या. बसवताना रबरी रिंग जागेवर आहे ना आणि हवेच्या दिशेचा बाण इंजिनाकडे आहे ना, हे पाहा; मग कोड पुसून घाटात चालवून बघा.

मळ कशामुळे साचला, हेही शोधलेच पाहिजे. कंप्रेसरची हवा मारून पुन्हा बसवलेला कागदी फिल्टर, त्याची पेटीत नीट न बसलेली कड, किंवा जास्त तेल लावलेला कापडी फिल्टर यांपैकी एखादे कारण बहुधा सापडते. ते दूर केले नाही, तर नवा सेन्सरही याच वाटेने जाईल.

धुऊनही आकडा सुधारला नाही आणि नळ्या, ईजीआर व वायरिंग निर्दोष निघाले, तर मात्र सेन्सर बदलावा. त्या वेळी जुन्यावरचा भाग क्रमांक तंतोतंत जुळवून, मूळ उत्पादकाचाच घ्यावा. स्वस्त नकली सेन्सर दिसायला सारखा असला, तरी त्याचे मोजमाप वेगळे असू शकते आणि मग मोटार नवीन भागासह जुनेच दुखणे दाखवते.

प्रश्न : माझ्या छोट्या पेट्रोल मोटारीत हा सेन्सर कोठे सापडतच नाही. तो कोणी काढून टाकला असेल का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तसे वाटत नाही. अनेक छोट्या पेट्रोल मोटारींत तो मुळातच नसतो. त्या इनटेक मॅनिफोल्डमधील (सिलिंडरांकडे हवा वाटून नेणाऱ्या नळ्यांमधील) दाब, हवेचे तापमान आणि इंजिनाचे फेरे यांवरून हवेचा हिशेब करतात. दाब मोजणारा छोटा मॅप सेन्सर मॅनिफोल्डवरच बसवलेला असतो. अशा मोटारीत मॅनिफोल्डची गळती झाली, तर दाबातील वाढ सेन्सरला दिसते, इंधनही तेवढे वाढते आणि आयडल चढतो. एअर फ्लो सेन्सर असलेल्या पेट्रोल मोटारीत त्याच गळतीने हवा-इंधनाचे मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते. म्हणून एअर फ्लो सेन्सरवरचे उपाय आपल्या मोटारीला लागू करू नका.