तंबूतला सिनेमा, ‘ड्राइव्ह-इन’ आणि कनात

परभणीच्या एका वाचकानं विचारलंय, जत्रेतल्या तंबू थेटराला ‘आपलं गावाकडचं ड्राइव्ह-इन’ म्हटलेलं चालतं का, आणि त्या तंबूच्या ‘कनाती’चा शब्द कुठला?

चालत नाही. जुन्या सिनेमावर लिहायला बसलं की हल्ली जो तो उघड्या रानातल्या प्रत्येक खेळाला ड्राइव्ह-इन म्हणून मोकळा होतो. अहो, ड्राइव्ह-इनमध्ये मोटार आत न्यायची आणि मोटारीतच बसून सिनेमा बघायचा! रिचर्ड हॉलिंग्सहेडनं ६ जून १९३३ रोजी न्यू जर्सीतल्या कॅम्डेनजवळ पहिलं ड्राइव्ह-इन सुरू केलं. पुढच्या गाडीच्या टपावरून पडदा दिसावा म्हणून तिथं प्रत्येक मोटारीची पुढची चाकं उंचावर राहतील असे चढ बांधले होते. आपल्याकडे अहमदाबादेत ते १९७३ साली आलं. जत्रेला आलेला माणूस मात्र गाडीचे बैल सोडून, तिकीट काढून मातीत मांडी घालायचा. दोन्हीकडे अंधार पडल्याशिवाय खेळ सुरू होत नाही, एवढंच काय ते साम्य.

आता कनात. कापडाची उभी भिंत, हा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. तमाशाचा फड असो की टुरिंग टॉकीज, कनात लागली की फुकट्यांना बाहेर बसून नुसते डायलॉग ऐकावे लागत, नाहीतर खालून घुसावं लागे.

काही जण ही कनात अरबीतली म्हणतात. त्या कनातीचा अर्थ पाण्याचा बंदिस्त पाट. मलिक अंबरानं आमच्या औरंगाबादला आणलेली नहर त्याच जातीची, म्हणून हा संबंध इकडच्यांना फार गोड वाटतो. दोन्ही शब्द उर्दू लिपीत सारखेच लिहितात, त्यामुळे घोळ वाढला. पण नळातून भिंत निघते कशी, हे कुणी सांगत नाही!

मला तुर्कीच पटतं. तुर्कीत ‘कनात’ म्हणजे पंख. मध्य आशियातल्या कझाक आणि किरगीझ लोकांच्या गोल तंबूची भिंत लाकडी जाळीच्या घडीच्या तुकड्यांची असते आणि त्या एकेका तुकड्याला आजही ‘कनात’च म्हणतात. सहा कनातींचा तंबू, आठ कनातींचा तंबू, अशी घराची ऐपत त्यावरून मोजतात. पंखासारखी पसरायची, मिटायची, उंटावर लादायची भिंत! ‘उर्दू’ हा शब्दच मुळात छावणीचा, आणि तोही तुर्की. कैची, चाकू त्याच वाटेनं आले. औरंगजेबाची छावणी १६८१ पासून पुढची पंचवीसेक वर्षं दख्खनेत हिंडत होती. इतक्या तंबूंच्या गर्दीत हा शब्द आमच्या बोलीत मुरला नसता तरच नवल.

राहिला ड्राइव्ह-इनला मराठी शब्द. तो घडवण्याचा हट्ट नको, ‘ड्राइव्ह-इन’च राहू द्या. आणि कनात स्त्रीलिंगी आहे: ती कनात, त्या कनाती. पत्रिकांवर ‘कनाथ’ छापू नका.