लोहगड-विसापूरचा फेरा पळत पूर्ण करता येतो का? आधी कोणता गड घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की रस्त्यावर २१ किलोमीटर सव्वादोन तासांच्या आत होतात, अधूनमधून सिंहगड चढता, आणि आता गडकिल्ल्यांवरून जाणारा एखादा गोल ट्रेल पहिल्यांदाच पळायचाय. पुण्याहून लोकलने जाऊन मळवलीतून सुरू करून मळवलीतच संपवता येईल का, असंही विचारलंय.

येईल. भाजे, लोहगड, गायमुख खिंड, विसापूर आणि परत भाजे, असा फेरा घ्या. लोहगडाची सोंड म्हणजे विंचूकाटा, आणि विसापूरच्या तटाची फेरी धरून साधारण वीसेक किलोमीटर होतात. आकडा ओळखीचा वाटला तरी त्यावर जाऊ नका, रस्त्यावरच्या वेळेच्या दुप्पट वेळ धरूनच निघा.

आधी लोहगड की विसापूर, यावर पळणाऱ्यांमध्ये दोन तट आहेत. माझं मत ठाम आहे: आधी लोहगड. कारण गायमुख खिंडीतून विसापूरला जाणारी वाट एका घळीतून चढते. घळ म्हणजे मोठमोठे दगडगोटे, मधेच घसारा, दोन्ही बाजूंना झाडी. ती चढताना हात टेकवता येतात, पाऊल कुठे पडतंय ते नाकासमोर दिसतं. तीच घळ उतरताना थकलेल्या गुडघ्यांवर सगळा भार येतो आणि एखादा हलता गोटा घोट्याचं काम तमाम करतो. इंग्रजांनी मार्च १८१८ मध्ये उलटा क्रम घेतला होता. आधी विसापूर घेतला, आणि तो लोहगडापेक्षा उंच व अगदी समोर असल्याने लोहगड लढवण्यात अर्थच उरला नाही. पण त्यांना तिथून पळत दुपारची लोकल गाठायची नव्हती.

आता वाट. स्टेशनवरून बाहेर पडलं की द्रुतगती मार्गावरच्या पुलावरून भाजे गावात जायचं. हा टप्पा डांबरी आहे, अंग गरम करायला बरा. भाज्यातून खिंडीकडे जाणारा चढ सलग आहे आणि पहिल्यांदा येणारे इथेच फसतात. रस्ता चांगला दिसतो म्हणून पळत सुटतात आणि खिंडीत पोचेपर्यंत पिंढऱ्या दगड होतात. इथे सरळ चाला. हात मांडीवर ठेवून, लांब टांगा टाकत. पळायला पुढे जागा आहे.

खिंडीत उजवीकडे लोहगड, डावीकडे विसापूर. उजवीकडे वळलात की लोहगडवाडीपर्यंत छान पळता येतं. वाडीत बाटल्या भरून घ्या, कारण पुढे विसापूरवर पाणी विकत मिळेल या भरवशावर जाऊ नये, आणि टाक्यांतलं पाणी न गाळता-उकळता पिऊ नये. दोन लिटर पाणी आणि इलेक्ट्रालची पाकिटं हवीतच.

लोहगडाच्या पायऱ्या मोठ्या आणि बांधीव आहेत. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकामागून एक येतात. दरवाजे सरळ रेषेत नाहीत. एकातून आत शिरलं की भिंतीला वळसा घालून पुढच्याकडे जायचं, आणि त्या वळणावर वरच्या तटावरून खालचा माणूस पूर्ण टप्प्यात. पळताना हे फार चांगलं कळतं, कारण प्रत्येक वळणावर तुमचा वेग आपोआप शून्यावर येतो. शत्रूचाही यायचा, म्हणूनच तसं बांधलंय. वर पोचल्यावर मागे वळून एकदा खाली बघा, तटाची ती वळणं वरूनच नीट दिसतात.

पुरंदरच्या तहात १६६५ मध्ये हा गड मुघलांकडे गेला आणि १६७० मध्ये परत स्वराज्यात आला. पुढे पेशवाईत नाना फडणविसांनी इथे बरंच बांधकाम केलं. गडावरचं सोळा कोनांचं मोठं टाकं त्यांचंच. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जे बारा मराठा किल्ले आले, त्यात लोहगड आहे. शेजारचा विसापूर नाही. त्यामुळे लोहगडावर गर्दी वाढलीय आणि विसापूर अजून बराचसा मोकळा आहे. आपल्यासारख्यांना ही वाटणी सोयीची आहे. लोहगड केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीत येतो, प्रवेशाच्या वेळा आणि तिकीट आधी बघून घ्या आणि त्यावरून निघायची वेळ ठरवा. अंधारात पोचून दारात कुडकुडत बसण्यात काही मजा नाही.

विंचूकाट्याबद्दल सगळेच विचारतात, म्हणून लिहितो. गडाची ही सोंड लांबलचक आणि चिंचोळी आहे, जवळजवळ सपाट, त्यामुळे पळायला मोह होतो. कोरड्या दिवसांत जरूर पळा. पण तिच्यावर उतरायला आधी एक छोटा कातळटप्पा आहे. तिथे तोंड कातळाकडे करून उतरा, बुटांच्या टाचांवर विसंबू नका. टोकाला दुहेरी तटबंदीचा बुरूज आहे, तिथून पवनेचा जलाशय, तुंग आणि तिकोना दिसतात. धुकं किंवा जोराचा वारा असेल तर सोंड सोडून द्या. दोन्ही बाजूंना कडा आहे आणि पावसात त्या कातळावर शेवाळ धरतं. शेवाळावर महागातला ट्रेल शूजही स्लिपरसारखाच वागतो.

उतरून परत खिंडीत. इथे प्रामाणिकपणे स्वतःकडे बघायचं. मांड्या थरथरत असतील, पाणी संपत आलं असेल, तर विसापूर पुढच्या वेळी. रस्त्याने खाली भाज्यात उतरा, तेवढाही दिवस चांगलाच जातो.

दम असेल तर घळ चढा. दगडाच्या फटीत न बघता हात घालू नका, मावळात फुरसं हा विषारी साप आहे. कड्यांवर आग्यामोहोळ असतात, त्यामुळे अंगाला अत्तर-परफ्यूम लावून जाणं आणि आरडाओरडा, दोन्ही टाळा.

विसापूर माझा लाडका. लोहगडापेक्षा उंच आणि पसरलेला, आणि ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते पळणं खऱ्या अर्थाने इथे मिळतं. तटाच्या आतल्या अंगाने ढोरवाटा आहेत, त्यांवरून मोकळं सुटता येतं. छप्पर उडालेल्या इमारती, पाण्याची टाकी, चुना मळायचा भलामोठा दगडी घाणा. एक लोखंडी तोफ आहे, तिच्याजवळ एकदा थांबून वाका. तिच्यावर मुकुट आणि गुलाबाचं इंग्रजी राजचिन्ह आहे, आणि गाड्यावर टेकवायचे दोन्ही बाजूंचे खुंट तोडून टाकलेत. नळी धडधाकट असली तरी खुंट गेले की तोफ गाड्यावर बसत नाही, नेम धरता येत नाही. गड घेतल्यावर तो पुन्हा कुणाला लढवता येऊ नये, याची सोय.

सप्टेंबर-ऑक्टोबरात पठार सोनकीने पिवळं होतं, पण त्याच गवताखाली दगड लपलेले असतात. नजर फुलांवर ठेवायची असेल तर चाला. मार्चनंतर सावलीला झाड शोधावं लागतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा पळण्यासाठी सगळ्यात भरवशाचा काळ.

उतरायला खिंडीकडे परत जाऊ नका. भाज्याच्या बाजूला मोडकळीस आलेल्या पायऱ्यांची वाट आहे. वाटेत कातळात कोरलेला मारुती आणि एक-दोन गुहा लागल्या की तुम्ही बरोबर आहात. पावसाळ्यात याच पायऱ्यांवरून ओढा वाहतो, लोक त्यात बसून फोटो काढतात, आणि तेव्हा तिथे पळण्याचा विचारही करू नये. शिवाय पावसाळ्यात प्रशासन मावळातल्या अशा ठिकाणांवर अधूनमधून बंदी घालतं, तेही बघून घ्या. पायऱ्यांचं वरचं टोक धुक्यात सापडत नाही, त्यामुळे फोनमध्ये ऑफलाइन नकाशा हवा.

ही वाट खाली भाजे लेण्यांच्या पायऱ्यांजवळ येते. बूट काढून पाय मोकळे करायला यापेक्षा चांगली जागा नाही. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या आसपासचं हे बौद्ध चैत्यगृह, खांब आत कललेले, आणि छताच्या कमानीला चक्क लाकडी फासळ्या बसवलेल्या. बाजूला चौदा स्तूपांचा समूह आहे. लोहगड-विसापूर करून आलेले नव्वद टक्के लोक दमून लेणी वगळतात. तुम्ही वगळू नका, तिकीट काढा आणि अर्धा तास द्या.

तयारीबद्दल: सिंहगड चढता ते ठीक, पण उतरताना गाडीने येत असाल तर ते बंद करा. चढ दम काढतो, उतार मांड्या काढतो, आणि या फेऱ्यात शेवटचा उतार सर्वांत वाईट आहे. महिनाभर आठवड्यातून एकदा सिंहगड पायी चढा आणि पायीच, सावकाश पळत उतरा. मधल्या दिवशी वेताळ टेकडी पुरे.

आणि परतीची लोकल. दुपारी पुणे-लोणावळा गाड्यांमध्ये मोठा खंड पडतो. वेळापत्रक बघूनच जेवायचं ठरवा. गाडी चुकलीच तर भाज्यात कुणाच्या घरी पिठलं-भाकरी सांगून ठेवा, ती करायला अर्धा-पाऊण तास लागतोच.