लायपोप्रोटीन(ए): दोन लॅब, दोन आकडे, खरा कुठला?

भावाला 41व्या वर्षी हार्ट अटॅक आल्यावर तुम्ही स्वतःचं लायपोप्रोटीन(ए), म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारा आणि हृदयविकाराची जोखीम वाढवणारा कण, तपासलंत, हे फार चांगलं केलंत. एका लॅबने 42 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर दिलं, दुसरीने 138 नॅनोमोल प्रति लिटर. 42ला अडीचने गुणून तुम्ही 105 काढलेत आणि विचारताय की खरं कोणतं धरायचं, मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे रेणू वजनावरून ओळखून मोजणाऱ्या तंत्राने, मोजून घ्यावं का.

तो अडीचचा गुणाकार आधी सोडून द्या. मिलिग्रॅम म्हणजे कणांचं वजन, नॅनोमोल म्हणजे कणांची संख्या, आणि या दोन्हींचं नातं सगळ्यांत सारखं नसतं. या कणावरच्या अपो(ए) प्रथिनाची लांबी माणसागणिक बदलते. त्यात क्रिंगल-4 टाइप-2 नावाचा तुकडा कुणात मोजक्या वेळा येतो, कुणात चाळीसहून जास्त वेळा. शिवाय एक लांबी आईकडून आलेली, दुसरी वडिलांकडून. तपासणीतली अँटिबॉडी याच तुकड्यांना चिकटत असेल तर लांब प्रथिन जास्त मोजलं जातं, आखूड कमी. गाड्या किती गेल्या हे डबे मोजून सांगण्यासारखं आहे हे. मला याची खरी काळजी वाटते, कारण आखूड प्रथिन असणाऱ्यांच्या रक्तात हे कण सहसा जास्त असतात. म्हणजे ज्याला सावध करायचं, त्याचाच आकडा कमी दिसू शकतो.

मास स्पेक्ट्रोमेट्रीत ही अडचण मुळातच टाळता येते. ट्रिप्सिन हे एन्झाइम प्रथिन लायसिन आणि आर्जिनिनपाशी कापतं. त्या कापलेल्या तुकड्यांतून, म्हणजे पेप्टाइडांतून, असं निवडायचं, जे अपो(ए)च्या एका रेणूत एकदाच येतं. तेच पेप्टाइड जड कार्बन-नायट्रोजन घालून प्रयोगशाळेत बनवतात आणि ठरलेल्या प्रमाणात नमुन्यात मिसळतात. दोन्ही पेप्टाइडं कॉलममधून, म्हणजे रेणू वेगळे करणाऱ्या नळीतून, एकाच वेळी बाहेर येतात, फरक फक्त वजनात. त्यांच्या सिग्नलच्या गुणोत्तरावरून रेणूंची संख्या कळते. त्याच नमुन्यात अपोबी (एलडीएलसारख्या ‘वाईट’ कोलेस्टेरॉलच्या कणांवरचं प्रथिन) आणि अपोए-1 (‘चांगल्या’ कोलेस्टेरॉलच्या कणांवरचं) सुद्धा मोजता येतात. मात्र ट्रिप्सिनने प्रथिन पुरतं कापलं नाही तर आकडा कमी येतो, म्हणून यातलं कसब मशीनपेक्षा नमुन्याच्या तयारीत जास्त आहे.

तुम्हाला स्वतःला मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या मागे लागायची गरज नाही. तिचं मोठं काम पडद्यामागे आहे: आयएफसीसी या क्लिनिकल केमिस्ट्रीच्या जागतिक संघटनेचा कार्यगट, नेदरलँड्समधल्या लायडनच्या प्रयोगशाळेसह, तिच्या आधाराने संदर्भपद्धत उभी करतोय, म्हणजे रोजच्या किट्सचे आकडे एका मापाला बांधता येतील.

तुम्ही नॅनोमोलचा रिपोर्ट धरा, पण लॅबला विचारा की त्यांची पद्धत प्रथिनाच्या लांबीवर अवलंबून नाही ना. 125 नॅनोमोलच्या वर जोखीम वाढलेली मानतात. हा आकडा मुख्यतः जनुकांवर ठरतो, त्यामुळे तो सहसा एकदाच मोजला तरी चालतो. पथ्याने तो फारसा हलत नाही. भावाचा आणि इतर सख्ख्या भावंडांचाही मोजून घ्या. तुमचं अपोबीसुद्धा करा, कारण ते औषधाने खाली आणता येतं, आणि दोन्ही कागद घेऊन हृदयरोगतज्ज्ञांकडे जा. भावाला कितव्या वर्षी अटॅक आला, हे त्यांना आवर्जून सांगा.