ग्राफिक्स कार्ड तापते तेव्हा: उष्णता नेमकी कुठे अडते आहे ते आधी शोधा

तुमचे कार्ड तीन वर्षांचे आहे, गेम सुरू केल्यावर वीस मिनिटांत तापमान ८३ अंश सेल्सिअसवर जाऊन थांबते, हॉटस्पॉट १०८ दाखवतो, पंखे पूर्ण वेगाने फिरतात आणि मग चित्र अडखळू लागते, असे तुम्ही लिहिले आहे. कॅबिनेटला आणखी दोन पंखे लावावेत की नवे कार्डच घ्यावे, हा तुमचा प्रश्न आहे. माझ्या मते यांपैकी काहीही विकत घेण्याची वेळ अजून आलेली नाही. तुम्ही दिलेल्या आकड्यांतच बरेचसे निदान आहे, आणि ते त्या दोन आकड्यांतील २५ अंशांच्या फरकात दडलेले आहे.

चिपचे तापमान सगळीकडे सारखे नसते. आपण नेहमी पाहतो तो आकडा चिपचे सर्वसाधारण तापमान सांगतो, तर हॉटस्पॉट म्हणजे चिपमध्ये ठिकठिकाणी असलेल्या अनेक सेन्सरांपैकी त्या क्षणी सर्वांत जास्त तापलेल्या सेन्सरचा आकडा. सुस्थितीतील कार्डावर पूर्ण भार असताना या दोहोंत साधारणपणे १० ते १५ अंशांचा फरक असतो आणि जास्त वीज घेणाऱ्या कार्डांवर तो २० पर्यंत गेला तरी मी चिंता करत नाही. तो २५ वर किंवा त्यापुढे गेला, की चिप आणि हीटसिंक (चिपची उष्णता शोषून हवेत सोडणारा पातळ पात्यांचा धातूचा ठोकळा) यांच्यामधील उष्णता वाहून नेणारी पेस्ट सगळीकडे सारखी राहिलेली नाही, अशी दाट शंका घ्यावी. याउलट फरक नेहमीइतकाच राहून दोन्ही आकडे एकत्र वर चढले असतील, तर चिपमधून उष्णता व्यवस्थित बाहेर पडते आहे, पण पुढे हीटसिंकच्या पात्यांतून, कॅबिनेटमधून किंवा खोलीतून तिला वाट मिळत नाही, असा अर्थ होतो. हे दोन आजार वेगळे आहेत आणि पहिल्यावर कॅबिनेटचे पंखे हा उपाय नव्हे.

कोणत्या आकड्याला घाबरावे, याविषयीही बराच गोंधळ असतो. ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या कंपन्यांपैकी एनव्हिडियाने आरटीएक्स ३०८० या कार्डासाठी कमाल तापमान ९३ अंश आणि आरटीएक्स ४०९० साठी ९० अंश दिले आहे; एएमडीने २०१९ मध्ये आरएक्स ५७०० मालिकेच्या वेळी हॉटस्पॉट ११० अंशांपर्यंत जाणे अपेक्षित मर्यादेत असल्याचे स्पष्ट केले होते. म्हणून खेळताना ७५ अंश दिसणे हा बिघाड नाही. काहीही चालू नसताना ४५-५० अंश दिसले तरी घाबरू नये, कारण बऱ्याच कार्डांचे पंखे कमी तापमानाला मुद्दाम बंदच ठेवलेले असतात. तुमचा ८३ हा आकडाही एकटा पाहिला तर ठीक आहे; मात्र तेवढ्यावर थांबण्यासाठी कार्ड स्वतःचा वेग कमी करत असावे, आणि चित्र अडखळण्याचे कारण बहुधा तेच आहे. जीपीयू-झेड किंवा एचडब्ल्यूइन्फो हे आकडे दाखवणारे प्रोग्रॅम चालू ठेवून तापमानासोबत कार्डाचा क्लॉकही, म्हणजे चिप चालण्याचा वेगही पाहा. तापमान स्थिर आणि क्लॉक खाली खाली जाणारा असेल, तर याची खात्री पटेल.

आता चाचणीविषयी, आणि येथे जरा सविस्तर लिहितो, कारण बहुतेक लोक हीच पायरी घाईत उरकतात. पंखे स्वयंचलित असताना केलेली तुलना फसवी असते. तुम्ही धूळ साफ केली आणि उष्णता खरोखरच सहज बाहेर पडू लागली, तरी कार्ड त्या सुधारणेचा उपयोग पंखे हळू फिरवण्यासाठी करते आणि तापमान पूर्वीइतकेच दिसते. मग माणूस म्हणतो की साफ करूनही फरक पडला नाही. म्हणून एमएसआय आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलण्याच्या प्रोग्रॅममध्ये पंख्यांचा वेग ७० टक्क्यांवर पक्का करावा, एकाच गेममधील एकाच ठिकाणी वीस मिनिटे थांबावे आणि तापमान, हॉटस्पॉट, क्लॉक व विजेचे वॅट हे चारही आकडे लिहून ठेवावेत. खोलीचे तापमानही लिहावे, कारण खोली जितके अंश तापते, जवळजवळ तितकेच अंश कार्डावर वाढतात. त्यानंतर कॅबिनेटचे बाजूचे पॅनेल काढून हीच चाचणी पुन्हा करावी. दोन्ही आकडे सात-आठ अंशांनी किंवा अधिक उतरले, तर कॅबिनेटमध्ये ताजी हवा पुरेशी येत नाही, हे सिद्ध होते. जेमतेम दोन-तीन अंशांचाच फरक पडला, तर कॅबिनेट निर्दोष समजावे आणि अडथळा कार्डामध्येच शोधावा.

दोष कॅबिनेटचा निघालाच, तर समोरून हवा आत आणि मागून व वरून बाहेर, अशी सरळ वाट आहे का ते पाहणे एवढेच काम उरते. समोर बंद काच असलेल्या कॅबिनेटमध्ये पंखे कितीही लावले तरी त्यांना ओढायला हवाच नसते, आणि समोरची जाळी धुळीने बुजली असली तरी परिणाम तोच होतो.

कार्डावरील धूळ वरून दिसते त्याहून वेगळ्या ठिकाणी साचते. पंख्याची पाती स्वच्छ दिसत असतात, पण त्यांच्यामधून टॉर्चचा उजेड आत टाकला, की पंखा आणि हीटसिंकची पाती यांच्यामध्ये राखाडी रंगाचा, नमद्यासारखा घट्ट बसलेला थर दिसतो. हवा त्याच्यावर आदळून बाजूला निघून जाते. संगणक बंद करून कार्ड बाहेर काढावे, मऊ ब्रशने हा थर सैल करावा आणि मगच हवेचा फवारा मारावा. फवारा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवणे आवश्यक आहे, अन्यथा तो नेहमीच्या कितीतरी पट वेगाने फिरून त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते.

पेस्ट बदलण्याआधी मी आणखी एक गोष्ट करण्याचा आग्रह धरेन, ती म्हणजे व्होल्टेज कमी करणे. चिपमध्ये खर्च होणारी वीज स्थूलमानाने व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि क्लॉकच्या प्रमाणात वाढते. क्लॉक तोच ठेवून व्होल्टेज १.०५ व्होल्टवरून ०.९० व्होल्टवर आणता आले, तर विजेचा हा भाग सुमारे एक चतुर्थांशाने घटतो, आणि उष्णता म्हणजे शेवटी तीच वीज. कंपन्या प्रत्येक चिप चालावी म्हणून व्होल्टेज थोडे सढळ ठेवतात, त्यामुळे बहुतेक कार्डांवर एवढा नाही तरी काही वाव असतोच. एका वेळी २५ मिलिव्होल्टने खाली यावे आणि प्रत्येक पायरीवर तास-दोन तास खेळून पाहावे. गेम बंद पडला, तर एक पायरी मागे यावे. त्याने कार्डाला इजा होत नाही. मात्र काही दिवस निर्वेध गेल्याशिवाय ही सेटिंग संगणक सुरू होतानाच लागू होईल अशी ठेवू नये. त्याबरोबर फ्रेम रेटला, म्हणजे दर सेकंदाला तयार होणाऱ्या चित्रांच्या संख्येला, मॉनिटरच्या क्षमतेइतकी मर्यादा घालावी. २०१० मध्ये ब्लिझार्ड कंपनीचा स्टारक्राफ्ट २ हा गेम आला तेव्हा त्याच्या साध्यासुध्या मेन्यूच्या पडद्यांवर फ्रेम रेट मोकाट सुटून काही संगणक तापत होते, आणि ब्लिझार्डने फ्रेम रेटवर मर्यादा घालण्याचाच उपाय सुचवला होता.

तुमच्या बाबतीत मात्र पेस्ट बदलावी लागेल, असे २५ अंशांचा फरक सांगतो. वॉरंटी शिल्लक असेल तर आधी तिच्या अटी वाचाव्यात. कार्ड वारंवार तापून थंड होताना चिप आणि हीटसिंक किंचित आकुंचन-प्रसरण पावतात आणि पातळ पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते. अशी कार्डे उघडल्यावर मी नेहमी एकच दृश्य पाहिले आहे: चिपभोवती पेस्टची जाड कड आणि मध्यभागी आरशासारखी चकाकणारी जवळजवळ उघडी चिप. कार्ड काढण्यापूर्वी दहा मिनिटे गेम चालवला, की पेस्ट मऊ पडते. चिपभोवतीचे चार स्क्रू आळीपाळीने, समोरासमोरचे थोडे थोडे सैल करावेत, आणि हीटसिंक सरळ न ओढता हलकेच डावीउजवीकडे हलवून सोडवावा. पंख्यांची वायर आखूड असते, ती आधी काढावी. जुनी पेस्ट आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसावी. ग्राफिक्सच्या चिपवर सीपीयूसारखे धातूचे झाकण नसते, म्हणून नवी पेस्ट कोपऱ्यांपर्यंत पसरवावी, आणि ती घट्ट प्रकारची निवडावी. हनीवेलचे पीटीएम७९५० हे उष्णतेने मऊ होणारे पॅड मला अधिक भरवशाचे वाटते, कारण ते पेस्टसारखे सहजी कडेला सरकत नाही.

थर्मल पॅड, म्हणजे मेमरीसारख्या भागांची उष्णता हीटसिंककडे नेणाऱ्या मऊ पट्ट्या, फाटले नसतील, तर त्यांना हात लावू नये. मी एकदा मेमरीवरचे १.५ मिलिमीटरचे पॅड काढून हाताशी होते ते २ मिलिमीटरचे लावले. त्या अर्ध्या मिलिमीटरने हीटसिंक चिपवरून उचलला गेला आणि हॉटस्पॉट पूर्वीपेक्षा वाईट झाला. बदलायचेच असतील, तर प्रत्येक जागेची जाडी मोजून तेवढ्याच जाडीचे आणि तितकेच मऊ पॅड आणावेत.

जोडणी झाल्यावर पंखे पुन्हा ७० टक्क्यांवर ठेवून पहिलीच चाचणी करावी. फरक १५ च्या आत आला, तर काम झाले. पेस्ट नीट लावूनही तो २५ वरच राहिला, तर संगणक आडवा ठेवून, म्हणजे कार्ड उभे राहील अशा स्थितीत, एकदा मोजावे. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या आरएक्स ७९०० एक्सटीएक्सच्या काही कार्डांत हीटसिंकच्या व्हेपर चेंबरमध्येच (द्रवाची वाफ करून उष्णता पसरवणाऱ्या बंद पोकळीत) द्रव कमी भरला गेला होता, हॉटस्पॉट ११० वर जात होता आणि एएमडीने पुढच्याच महिन्यात तो दोष मान्य केला. स्थिती बदलताच तुमचे आकडे ठळकपणे बदलले, तर तुमच्याही हीटसिंकमध्ये असा दोष असू शकतो. मग पेस्टवर आणखी वेळ घालवू नये. वॉरंटी असल्यास कार्ड कंपनीकडे पाठवावे, नसल्यास त्याच मॉडेलचा हीटसिंक मिळवावा.