‘केप फिअर’: काळ्या पट्ट्या, चढलेला सूर आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात सूडपटांच्या रिमेकबद्दल लिहिताना मार्टिन स्कोर्सेसीच्या 1991 च्या ‘केप फिअर’चं नाव जाता जाता घेतलं होतं, तर सगळ्यात जास्त प्रश्न नेमके त्यावरच आले, म्हणून यावेळी सगळं सदर त्याच्याच नावावर. ज्यांनी पाहिला नाहीये त्यांच्यासाठी गोष्ट दोन ओळीत. मॅक्स केडी नावाचा माणूस एका मुलीवरच्या अत्याचाराच्या प्रकरणात 14 वर्षं आत काढून बाहेर येतो आणि सॅम बोडेन या वकिलाच्या, त्याच्या बायकोच्या आणि पंधरा वर्षांच्या मुलीच्या मागे लागतो. केडी म्हणजे रॉबर्ट डी निरो, बोडेन निक नोल्टी, बायको जेसिका लँग, मुलगी ज्युलिएट लुईस. मूळ सिनेमा 1962 चा, ब्लॅक अँड व्हाइट, दिग्दर्शक जे. ली थॉम्पसन.

प्रश्न: हौसेने 55 इंची टीव्ही घेतला, ‘केप फिअर’ची ब्लू-रे मागवली, लावली तर वर खाली जाड काळ्या पट्ट्या! रिमोटवर झूम केलं की जातात. मग झूम करूनच बघायला काय हरकत आहे? (कोल्हापूर)

हरकत आहे, आणि चांगलीच आहे. त्या पट्ट्या म्हणजे डिस्कचा दोष नाही की टीव्हीचा नाही, सिनेमाच तेवढा आडवा आहे. टीव्हीचा आकार 16 बाय 9, म्हणजे उंचीच्या पावणेदोन पटीपेक्षा जरा जास्त रुंद, आणि हा सिनेमा उंचीच्या जवळजवळ 2.4 पट रुंद. तेव्हा पूर्ण चित्र दाखवायचं तर वरखाली मिळून साधारण पाव पडदा काळा राहणारच. झूम केलं की तोच पाव भाग डावी उजवीकडून कापला जातो, म्हणजे पट्ट्या घालवायला तुम्ही चित्र देऊन टाकलं. आणि तरी तुम्ही सुखी आहात, व्हिडिओ कॅसेटच्या जमान्यात असे सिनेमे चौकोनी टीव्हीत कोंबायला चाळीस टक्क्यांहून जास्त चित्र कापायचे आणि कापलंय हे बघणाऱ्याला कळायचंही नाही.

आता म्हणाल एवढं काय बिघडतं. स्कोर्सेसीने अ‍ॅनामॉर्फिक लेन्स (रुंद दृश्य आडवं दाबून फिल्मवर घेणारी) लावून इतक्या रुंद चौकटीत केलेला हा पहिला सिनेमा, आणि कॅमेऱ्यामागे फ्रेडी फ्रान्सिस, दोनदा ऑस्कर मिळालेला ब्रिटिश छायाचित्रकार, ज्याने स्वतः दिग्दर्शक म्हणून ढिगाने भयपट काढलेत. म्हणजे माणूस मुद्दाम निवडलेला. शाळेच्या ऑडिटोरियमचा सीन बघा. डॅनिएल, म्हणजे मुलगी, ड्रामा टीचरला भेटायला म्हणून येते आणि केडी तिथे, स्टेजवरच्या खोट्या घराच्या सेटपाशी अंधारात बसलेला. हात उगारणं नाही, आरडाओरडा नाही, तो नुसता बोलतो, गोड बोलतो, आणि ती हळूहळू जवळ जाते. दोघांमधे ती जी रिकामी जागा असते ना, ती जसजशी कमी होते तसा आपला जीव वर येतो. शेवटी तो तिच्या तोंडात अंगठा घालतो तेव्हा चौकटीत लपायला जागाच उरलेली नसते. झूम केलंत तर ती रिकामी जागा सुरुवातीपासूनच कमी, मग भीती कसली वाटणार? जेसिका लँगचं काम तर बहुतेक वेळा नुसतं कुणापासून तरी लांब बसण्याचंच आहे.

झूम बंद करा, टीव्हीचा पिक्चर मोड सिनेमा किंवा फिल्ममेकर वर न्या आणि ते मोशन स्मूदिंग नावाचं प्रकरण (टीव्ही स्वतःच मधे जादा फ्रेम घालून हालचाल गुळगुळीत करतो ते) आधी बंद करा, त्याने कुठलाही सिनेमा दुपारच्या सिरियलसारखा दिसायला लागतो. चित्रात बारीक दाणे दिसले तर शार्पनेस आणि नॉइज रिडक्शनशी खेळत बसू नका, सिनेमा फिल्मवर काढलाय, ते दाणे तिथलेच आहेत. खोलीतला दिवा मालवा, मग पट्ट्या दिसतच नाहीत.

प्रश्न: माझ्याकडे याची जुनी डीव्हीडी आहे, बॉक्सवर पाल लिहिलंय. सगळीकडे लांबी 128 मिनिटं वाचली पण प्लेअरवर 123 पण भरत नाहीत. पाच मिनिटं सेन्सॉरने खाल्ली का? (ठाणे)

सेन्सॉरला शिव्या घालायला मलाही आवडतं पण इथे तो निर्दोष दिसतोय. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमने चालतो, पाल, म्हणजे भारत-युरोपातल्या जुन्या पद्धतीचा टीव्ही 25 ने. डिस्क बनवताना सोपा उपाय म्हणून सगळा सिनेमाच 25 ने पळवायचे, म्हणजे चार टक्के जोरात. 128 ला 25 ने भागा आणि 24 ने गुणा, 122 मिनिटं आणि वर 53 सेकंद येतात. हिशोब इतका चपखल बसतोय की कात्रीची शंका सोडून द्या.

पण मिनिटं नाही गेली तरी दुसरं काहीतरी गेलंय, ते म्हणजे सूर. वेग वाढला की आवाजाची पट्टीही चढते, पूर्ण अर्धा स्वर नाही पण त्याच्या जरा खाली. पेटीवाल्यांना सांगायचं तर काळी चारमधे वाजवलेलं पांढरी सहाच्या दिशेने सरकतं. एरवी कुणाला पत्ता लागत नाही, या सिनेमात मात्र मला ते खुपतं, कारण ह्याची अर्धी भीती ब्रास वाद्यांच्या त्या चार उतरत्या स्वरांत आहे. ते संगीत मुळात बर्नार्ड हरमनने 1962 च्या सिनेमासाठी केलेलं. हरमन 1975 मधे गेला, आणि स्कोर्सेसीने नवं संगीत न करता संगीतकार एल्मर बर्नस्टाइनकडून तेच नव्याने बांधून घेतलं, शिवाय हरमननेच हिचकॉकच्या एका सिनेमासाठी लिहिलेले आणि हिचकॉकने नाकारलेले काही तुकडेही त्यात आले. तर ते जड, जमिनीतून आल्यासारखे स्वर वर चढले की धाक कमी होतो. ब्लू-रेवर सिनेमा त्याच्या मूळ 24 च्या वेगाने चालतो, एवढ्या एका कारणासाठी सुद्धा डिस्क बदलायला माझी हो आहे.

प्रश्न: नवरा बायकोच्या बेडरूममधल्या सीनमधे चित्र एकदम निगेटिव्हसारखं होतं, डिस्क खराब आहे का? दुकानदार बदलून देत नाहीये. (नांदेड)

दुकानदाराला त्रास देऊ नका, बिचाऱ्याचं बरोबर आहे. ते मुद्दाम केलंय. मधे मधे पडदा एका रंगाने भरून जातो तेही मुद्दाम, आणि केडी फोनवर बोलताना उलटा दिसतो कारण तो खरंच उलटा लटकलाय.

प्रश्न: मूळ सिनेमा आधी बघावा की रिमेक? आणि खरं सांगा, जुन्याला हात लावायची गरज होती का? (पुणे)

पुण्यातून प्रश्न आणि त्यात ‘खरं सांगा’, म्हणजे उत्तर आधीच ठरलेलं असणार, तरी सांगतो. गरज होती. आणि आधी मूळच बघा.

1962 मधे ग्रेगरी पेकचा बोडेन स्वच्छ माणूस आहे. त्याने फक्त केडीविरुद्ध साक्ष दिलेली, म्हणून केडी म्हणजे रॉबर्ट मिचम त्याच्यावर डूख धरून आहे. साधा सरळ झगडा, सज्जन विरुद्ध साप, आणि मिचम असा काही आळसावलेला, अर्धवट मिटल्या डोळ्यांचा साप आहे की डी निरो सगळे टॅटू आणि सगळे स्नायू दाखवूनसुद्धा कधी कधी त्याच्यापुढे फिका वाटतो. हाउसबोटीवर तो पॉली बर्गनच्या अंगावर अंडं फोडून चोळतो, बास एवढंच, ना रक्त ना काही, पण शिसारी येते.

रिमेकमधे लेखक वेस्ली स्ट्रिकने एकच खिळा हलवला आणि अख्खं घर कललं. इथे बोडेन साक्षीदार नाही, केडीचाच वकील होता. पीडित मुलीच्या पूर्वायुष्याबद्दलचा एक रिपोर्ट त्याच्या हाती आला होता, तो कोर्टात ठेवला असता तर केडीची शिक्षा कमी झाली असती किंवा सुटलाही असता. बोडेनने तो दाबला. केडी आत गेला तेव्हा अक्षरशत्रू होता, तिथे वाचायला शिकला, कायदा शिकला, आणि स्वतःचीच फाइल वाचताना त्याला हे कळलं. आता सांगा सूड कुणाचा आणि न्याय कुणाचा? बोडेनने केलं ते माणूस म्हणून आपल्याला पटतं, कारण तो रिपोर्ट वापरणं म्हणजे त्या मुलीलाच पिंजऱ्यात उभं करणं झालं असतं, पण वकील म्हणून त्याने अशिलाला विकलं हेही तेवढंच खरं. म्हणजे सूड घ्यायला आलेला हैवान आहे, पण त्याची तक्रार खोटी नाहीये. आपल्याकडच्या सूडपटात हिरोवर अन्याय होतो आणि मग तो हिशोब चुकता करतो, आपण टाळ्या वाजवतो. इथे हिशोब मागणाराच हैवान असल्याने टाळ्या कुणासाठी वाजवायच्या तेच कळत नाही, आणि ते घर तसंही आतून पोखरलेलंच आहे, बोडेनचं बाहेर काहीतरी चालू, बायकोला त्याचा संशय, मुलगी दोघांना कंटाळलेली. केडीला फार जोर लावावाच लागत नाही.

आणि मूळ आधी का, तर रिमेकमधे पेक आणि मिचम दोघंही आहेत, पण बाजू बदलून! जुना केडी मिचम इथे पोलीस अधिकारी, जुना सज्जन पेक इथे केडीचा वकील, आणि जुना पोलीसप्रमुख मार्टिन बाल्सम इथे न्यायाधीश. ही गंमत मूळ बघितलेल्यालाच. पेकचा हा शेवटचा थिएटरमधला सिनेमा.

तक्रार एकच, हाउसबोटीवरचा शेवट. वादळ, पाणी, आरडाओरडा, केडी मेला मेला म्हणता परत उठतो, इतकं ताणलंय की आधीच्या दीड तासातली बारीक कलाकुसर त्यात वाहून जाते. स्कोर्सेसी गर्दी खेचायला निघाला की थोडा मोकाट सुटतो हे माझं मत आहे, पटलं नाही तर पुढच्या अंकात भांडू.

प्रश्न: बोलणं ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवला तर म्युझिक आलं की शेजारी भिंत ठोकतात. काय करू? (डोंबिवली)

ब्लू-रेवरचा साउंड पाच स्पीकर आणि एक सबवूफर असा धरून आहे, संवाद बहुतेक मधल्या स्पीकरला. तुमच्याकडे टीव्हीचे दोनच स्पीकर आणि प्लेअर पाचचं मिश्रण सोडत असेल तर संवाद दबतात. प्लेअरच्या सेटिंगमधे ऑडिओ आउटपुट स्टीरिओ किंवा पीसीएम करा, नाइट मोड किंवा डायनॅमिक रेंज असं काही दिसलं तर चालू करा, त्याने मोठा आवाज खाली आणि छोटा वर येतो. हे मी फ्लॅटमधे राहणाऱ्यांनाच सांगेन, कारण त्याने संगीताचा धक्का मरतो. आणि इंग्रजी सबटायटल लावा, लाज कसली त्यात, डी निरो अमेरिकेच्या दक्षिणेकडचे हेल काढून बायबल झाडत असतो, तिथल्या लोकांनाही सगळं कळत असेल असं नाही.

प्रश्न: मुलगी पंधरा वर्षांची आहे, थ्रिलर आवडतात तिला. दोघी मिळून बघू का? (सातारा)

हा नको. केडी बोडेनच्या कोर्टातल्या मैत्रिणीला गाठतो तो सीन फार वाईट आहे, मोठ्यांनाही झेपत नाही. दोघी मिळून 1962 चा बघा.

प्रश्न: मी न्यू जर्सीत असते, दिवाळीत नाशिकला येतेय, भावासाठी ही डिस्क घेऊन येऊ म्हणते. तिकडे चालेल ना? आणि त्यावर सिनेमाशिवाय बघण्यासारखं काही आहे का? (न्यू जर्सी)

डीव्हीडी आणू नका. डिस्कवर ती जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल याचं कुलूप असतं, त्या भागाला रीजन म्हणतात. अमेरिकेची डीव्हीडी रीजन 1, भारत रीजन 5, भावाचा प्लेअर मल्टिरीजन नसेल तर डिस्क नुसती गरगरेल. ब्लू-रेला अमेरिका ए आणि भारत सी, पण बऱ्याच ब्लू-रे डिस्क रीजनचं कुलूप न लावता निघतात, तेव्हा घेण्याआधी बॉक्सच्या मागे बघा, ए, बी, सी तिन्ही अक्षरं असतील तर बिनधास्त आणा.

एक्स्ट्रा आहेत, आणि भरपूर आहेत. लॉरेंट बूझरोने केलेली मेकिंगची डॉक्युमेंटरी सव्वा तासाहून मोठी आहे, ती नक्की बघायला सांगा. स्टीव्हन स्पीलबर्ग हा सिनेमा करणार होता आणि ‘शिंडलर्स लिस्ट’ स्कोर्सेसीकडे होता, दोघांनी अदलाबदल केली, ही गोष्ट माहीत असेल तर ती बघायला आणखी मजा येते. त्याशिवाय कापलेले सीन, हाउसबोटीच्या सेटवरची दृश्यं, आणि सॉल आणि एलेन बास या जोडीने केलेल्या सुरुवातीच्या पाण्याच्या टायटल्सवरचा तुकडा. ती टायटल्स भावाला स्किप करू देऊ नका. आणि घ्यायचीच तर 1962 वाली पण जोडीने घ्या, बॅगेत दोन डिस्कची जागा होते.