वाचकांचे प्रश्न : कॅम्पर ट्रेलरचा सोलर चार्ज कंट्रोलर बदलताना

प्रश्न : आमच्या कॅम्पर ट्रेलरच्या छपरावर १६० वॉटचे दोन सोलर पॅनेल समांतर जोडलेले आहेत. ट्रेलरबरोबरच आलेला २० अँपिअरचा पीडब्ल्यूएम (साध्या प्रकारचा) चार्ज कंट्रोलर पुढच्या सामानाच्या पेटीत आहे आणि १०० अँपिअर-तासांची एजीएम (सीलबंद शिसे-आम्ल) बॅटरी मागे पलंगाखाली आहे. दोन्हींमध्ये सुमारे ६ मीटर अंतर असून ४ चौरस मिलिमीटरची वायर वापरलेली आहे. रात्रभर फ्रिज चालला की सकाळी बॅटरी १२ व्होल्टच्या आसपास उतरते आणि लख्ख ऊन असूनही संध्याकाळपर्यंत ती पूर्ण भरत नाही. कंट्रोलरच्या पडद्यावर मात्र सकाळी अकरालाच १४.४ व्होल्ट दिसू लागतात. एमपीपीटी (पॅनेलमधून जास्तीत जास्त शक्ती काढणारा) कंट्रोलर बसवला तर ही अडचण दूर होईल का, आणि तो किती क्षमतेचा घ्यावा?

उत्तर : कंट्रोलर बदलण्याचा आपला विचार योग्य आहे. परंतु आपण दिलेल्या वर्णनावरून पाहता पहिला दोष कंट्रोलरच्या प्रकारात नसून त्याच्या जागेत आहे, आणि जागा तीच ठेवून नुसता कंट्रोलर बदलला तर पैसे खर्च होतील, पण बॅटरी बऱ्याच अंशी आजच्यासारखीच अर्धवट भरलेली राहील. म्हणून खरेदीआधी एक मोजमाप अवश्य करावे. ऊन चांगले चढल्यावर, चार्जिंग जोरात चालू असताना, मल्टिमीटरने आधी कंट्रोलरच्या बॅटरीकडील टर्मिनलांवर आणि लगेच नंतर प्रत्यक्ष बॅटरीवर व्होल्टेज मोजावे. बॅटरीवर मोजताना मल्टिमीटरचे टोक वायरीच्या लगवर (टोकाच्या धातूच्या कडीवर) न टेकवता बॅटरीच्या टर्मिनलच्या धातूवरच टेकवावे, कारण लग आणि टर्मिनल यांच्यामधल्या गंजाच्या पातळ थरातही व्होल्टेज गळते आणि लगवर मोजले तर ती गळती नजरेतून सुटते.

आपल्याकडे या दोन आकड्यांमध्ये पाऊण व्होल्टच्या जवळपास फरक निघेल असा माझा अंदाज आहे, आणि त्याचा हिशेब सोपा आहे. ६ मीटर जाणारी आणि ६ मीटर परतणारी मिळून १२ मीटर तांब्याची वायर होते. ४ चौरस मिलिमीटर जाडीला एवढ्या लांबीचा रोध सुमारे ०.०५ ओहम भरतो, म्हणजे १४ अँपिअर प्रवाह वाहत असताना ०.७ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. फ्यूजचा होल्डर आणि लग यांची गळती त्यात आणखी थोडी भर घालते. कंट्रोलरला स्वतःच्या टर्मिनलांवर १४.४ व्होल्ट दिसतात, त्यामुळे बॅटरी भरत आली असे समजून तो प्रवाह आवरता घेऊ लागतो, आणि त्या वेळी बॅटरीला प्रत्यक्षात १३.७ व्होल्टच मिळत असतात. प्रवाह घटत जातो तसा हा फरकही घटतो, त्यामुळे पुरेसा वेळ मिळाला तर बॅटरी अखेर भरते खरी. पण दिवसातले जोरदार उन्हाचे चार-पाच तास एव्हाना हातचे गेलेले असतात. म्हणून कंट्रोलर, मग तो जुना असो वा नवा, बॅटरीपासून मीटरभराच्या आत बसवावा आणि त्या दोघांमधील वायर किमान १० चौरस मिलिमीटरची घ्यावी. सध्याची लांब वायर पॅनेलच्या बाजूला राहू द्यावी. तिथे थोडे व्होल्टेज गळाले तरी कंट्रोलरची फसगत होत नाही.

आता एमपीपीटीविषयी. पीडब्ल्यूएम कंट्रोलर हा मुळात पॅनेल आणि बॅटरी यांच्यामधला वेगाने उघडझाप करणारा स्विच असतो. तो चालू (जोडलेल्या) स्थितीत असतो तेव्हा पॅनेल थेट बॅटरीला जोडला जातो आणि पॅनेलचे व्होल्टेज बॅटरीच्या व्होल्टेजवर खेचले जाते. १६० वॉटच्या पॅनेलवर साधारणपणे १८ व्होल्टला ८.९ अँपिअर असे लिहिलेले असते. बॅटरी १२.६ व्होल्टवर असेल तर तोच पॅनेल ९ अँपिअरच्या आसपास प्रवाह देतो खरा, पण १२.६ व्होल्टला, म्हणजे सुमारे ११३ वॉट. उरलेली शक्ती वापरलीच जात नाही. एमपीपीटी कंट्रोलर पॅनेलला त्याच्या सोयीच्या व्होल्टेजवर चालू देतो आणि जास्तीच्या व्होल्टेजचे प्रवाहात रूपांतर करून बॅटरीला देतो. मात्र जाहिरातीत मोठे आकडे वाचून अपेक्षा वाढवू नये. भर उन्हात छपराला चिकटलेल्या पॅनेलचे तापमान ६० अंश सेल्सिअसपर्यंत सहज जाते, तेव्हा १८ व्होल्टचे साडेपंधरा होतात, आणि बॅटरी १४ व्होल्टवर आलेली असेल तर फायदा जेमतेम १० टक्के उरतो. थंड सकाळी बॅटरी उतरलेली असते तेव्हा तोच फायदा ३० टक्क्यांच्याही वर जाऊ शकतो. फ्रिज रात्रभर चालवणाऱ्याला सकाळचे हे जास्तीचे अँपिअर खरोखर उपयोगी पडतात, म्हणून आपल्या बाबतीत मी एमपीपीटीच्या बाजूने कौल देईन.

क्षमतेचा हिशेब बॅटरीच्या बाजूने करावा. ३२० वॉटला १२.५ व्होल्टने भागले तर २५ अँपिअरपेक्षा थोडे जास्त येतात. आडव्या पॅनेलमधून लिहिलेली पूर्ण शक्ती क्वचितच मिळते, त्यामुळे २० अँपिअरचा कंट्रोलरही चालून जातो. तो वरचा प्रवाह कापतो, जळत नाही. तरीही मी ३० अँपिअरचा सुचवेन, कारण बंद पेटीतल्या उष्णतेत कंट्रोलर स्वतःहून आपली मर्यादा खाली आणतो. बऱ्याच कंट्रोलरांवर ‘१००/३०’ अशी जोडी लिहिलेली असते. त्यातला दुसरा आकडा बॅटरीकडे जाणाऱ्या प्रवाहाचा, तर पहिला पॅनेलकडून चालू शकणाऱ्या कमाल व्होल्टेजचा असतो. ही व्होल्टेजची मर्यादा क्षणभरही ओलांडता कामा नये. खुल्या परिपथात, म्हणजे काहीही जोडलेले नसताना, एका पॅनेलचे २२ व्होल्ट धरले तर एकसर जोडणीत दोघांचे ४४ होतात, आणि थंडीत दर अंशाला सुमारे ०.३ टक्के वाढ धरून शून्य अंशाला ते ४७ च्या पुढे जातात. १०० व्होल्टच्याच काय, ७५ व्होल्टच्या कंट्रोलरलाही ते चालतील.

पॅनेल एकसर जोडावेत की समांतरच ठेवावेत, हे आपण मुक्काम कुठे करता यावर ठरवावे. एकसर जोडणीत प्रवाह निम्मा होतो, आणि वायरीतील गळती प्रवाहाच्या वर्गाबरोबर बदलत असल्यामुळे ती चौथ्या हिश्शावर येते; आपल्या जुन्या लांब वायरीला हे मानवणारे आहे. उघड्या माळावर किंवा किनाऱ्यावर उतरणाऱ्यांनी हीच जोडणी करावी. झाडांखाली उतरण्याची सवय असेल तर मात्र समांतर जोडणी बरी, कारण एका पॅनेलवर फांदीची सावली पडली तरी दुसरा आपले काम पूर्ण करत राहतो. एकसर जोडणीत सावलीतल्या पॅनेलचे बायपास डायोड वाट मोकळी करून देतात, पण त्याचे व्होल्टेज हातचे जाते.

जुना कंट्रोलर काढताना त्याच्या टर्मिनलांकडे बारकाईने पाहावे. ट्रेलर रस्त्यावर सतत हादरत असतो, आणि अशा कंट्रोलरमध्ये मला पुन्हा पुन्हा एकच दृश्य दिसले आहे : स्क्रू अर्धा फेरा ढिला, त्याखालच्या तांब्याच्या बारीक तारा काळवंडलेल्या, आणि काही तारा टर्मिनलच्या बाहेरच राहिलेल्या. नवीन जोडणीत अशा बारीक तारांच्या वायरीला टोकाशी फेरूल (धातूची छोटी नळी) दाबून बसवून मगच ती स्क्रूखाली द्यावी, आणि पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरच्या प्रवासानंतर सगळे स्क्रू पुन्हा आवळावेत. बॅटरीच्या धन टर्मिनलजवळच, हातभर अंतराच्या आत, फ्यूज असलाच पाहिजे. ३० अँपिअरच्या कंट्रोलरला ४० अँपिअरचा योग्य ठरतो. कंट्रोलर उभ्या पृष्ठभागावर, त्याच्या उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या खाचा उभ्या राहतील असा आणि वर-खाली हवेला वाट ठेवून बसवावा.

एवढे करूनही सकाळी तीच स्थिती राहिली तर बॅटरी तपासावी. घरच्या विजेवरील चार्जरने ती पूर्ण भरून, सर्व उपकरणे सोडवून रात्रभर ठेवली असता एजीएम बॅटरी १२.८ व्होल्टच्या आसपास राहायला हवी. ती १२.५ च्या खाली घसरली तर बॅटरीचेच आयुष्य सरत आले आहे.

प्रश्न : एजीएम काढून लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बसवली आहे. जुन्या पीडब्ल्यूएम कंट्रोलरवर ‘लिथियम’ असा पर्याय नाही. तो तसाच वापरला तर धोका आहे का?

उत्तर : कंट्रोलरमध्ये चार्जिंगचे व्होल्टेज स्वतः ठरवण्याची सोय असेल तर तो वापरता येईल. मुख्य चार्जिंग १४.२ ते १४.४ व्होल्ट आणि फ्लोट (बॅटरी भरल्यानंतर तिला टिकवून धरणारे व्होल्टेज) १३.५ व्होल्टच्या आसपास ठेवावे. बॅटरी बनवणाऱ्याने वेगळे आकडे दिले असतील तर तेच पाळावेत. दोन गोष्टी मात्र पूर्णपणे बंद करायला हव्यात. पहिली म्हणजे इक्वलायझेशन, म्हणजे मुद्दाम जास्त व्होल्टेजने केलेले चार्जिंग. ते पाण्याच्या शिसे-आम्ल बॅटरीसाठी असते आणि त्यात व्होल्टेज १५ च्याही वर जाते. दुसरी म्हणजे तापमानानुसार होणारा फेरबदल. शिसे-आम्ल बॅटरीसाठी कंट्रोलर दर अंशाला सुमारे २४ मिलिव्होल्ट या हिशेबाने थंडीत व्होल्टेज वाढवतो. म्हणजे ५ अंशांच्या पहाटे १४.४ चे जवळजवळ १४.९ होतात, आणि लिथियम बॅटरीचे बीएमएस (तिच्यातील संरक्षक सर्किट) अशा वेळी चार्जिंग तोडून टाकू शकते. स्वस्त कंट्रोलरमध्ये या दोन्ही गोष्टी पुष्कळदा बंदच करता येत नाहीत. आपला तसा असेल तर तो बदलावा. शून्य अंशाखाली या बॅटरीला चार्जिंग मुळीच देऊ नये, म्हणून थंड प्रदेशात जाणाऱ्यांनी बॅटरीचे तापमान पाहून थांबणारा कंट्रोलर किंवा तशी सोय असलेले बीएमएस घेतले आहे याची खात्री करावी.

प्रश्न : एमपीपीटी असे लिहिलेला अगदी हलका, लहानसा कंट्रोलर मिळाला आहे. तो खरोखर एमपीपीटी आहे हे घरी कसे ओळखावे?

उत्तर : सकाळी बॅटरी उतरलेली असताना, स्वच्छ उन्हात, पॅनेलकडील टर्मिनलांवर व्होल्टेज मोजावे. ते बॅटरीच्या व्होल्टेजशी जवळजवळ जुळत असेल, उदाहरणार्थ १३.१ आणि १३.३, तर आत पीडब्ल्यूएमच आहे. ते १६ ते १८ च्या आसपास असेल आणि डीसी प्रवाह मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर बॅटरीकडील वायरीत पॅनेलकडील वायरीपेक्षा जास्त अँपिअर दिसत असतील, तर कंट्रोलर खरा आहे. प्रवाह वाढवण्यासाठी आत तांब्याच्या जाड तारेचे वेटोळे लागते आणि त्याला वजन असते. म्हणून २० अँपिअरचा कंट्रोलर हातात पोकळ डबीसारखा लागला तर संशय घेणे रास्त आहे. त्याचबरोबर त्याची ऋण बाजू आतून सलग आहे का, हेही मल्टिमीटरने पाहून घ्यावे. काही कंट्रोलरमध्ये धन बाजू सामाईक असते, आणि ट्रेलरच्या सांगाड्याला ऋण जोडलेल्या व्यवस्थेत असा कंट्रोलर बसवला तर पॅनेलची ऋण वायर सांगाड्याला टेकताच त्याचे नियंत्रण निकामी होते.

प्रश्न : नवीन कंट्रोलर जोडताना आधी काय जोडावे? आणि इन्व्हर्टर त्याच्या लोड टर्मिनलला जोडला तर चालेल का?

उत्तर : आधी बॅटरी, मग पॅनेल, काढताना आधी पॅनेल, मग बॅटरी. बॅटरी जोडताच कंट्रोलर व्यवस्था १२ व्होल्टची आहे की २४ ची हे ओळखतो. बॅटरीशिवाय पॅनेल जोडला तर ही ओळख चुकू शकते आणि काही कंट्रोलर त्यात जळतातही. जोडणीच्या वेळी पॅनेल जाड कापडाने झाकलेला असावा. इन्व्हर्टर लोड टर्मिनलला जोडू नये. तिथे बहुधा १५ ते २० अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह चालत नाही, आणि ५०० वॉटचा लहान इन्व्हर्टरही पूर्ण भाराला ४० अँपिअरहून जास्त ओढतो. त्याची जोडणी थेट बॅटरीला, स्वतंत्र फ्यूजमधून करावी. लोड टर्मिनल दिवे आणि पाण्याचा लहान पंप यांच्यासाठी ठेवावे.