ती गप्प झाली, याला सुधारणा म्हणू नका

पत्र: 'मॅडम, नांदेड जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं कृषी सेवा केंद्र आहे. मुलगी बारावीनंतर लातूरला राहून एक वर्ष मेडिकलची 'नीट' परीक्षा रिपीट करून आली. पहिल्यांदा ३१८ होते, यंदा ४३१. आणखी एक वर्ष दिलं तर सरकारी सीट लागेल असं क्लासचे सर म्हणतात. पण तिच्या सामानात एक वही सापडली. बायोलॉजीच्या नोट्सच्या जागी बर्फ, पेंग्विन, ध्रुवावरचे प्राणी, हवामान बदल, असलंच भरून ठेवलेलं. आमच्या दुकानातल्या युरियाबद्दलसुद्धा लिहिलंय. एका पानाचा फोटो तिच्या मामाला दाखवायला काढला होता, तो सोबत पाठवतो. वही मी रागाच्या भरात फाडली. थंडी कमी झाली तर त्या पक्ष्यांना बरंच की, त्यात शिकण्यासारखं काय? आणि हे शिकून नोकरी कोण देणार? तेव्हापासून ती उलट बोलत नाही, जेवते आणि अभ्यासाला बसते, एवढी सुधारणा आहे. हे खूळ तिच्या डोक्यातून कायमचं कसं काढावं ते सांगा.'

उत्तर:

तुमचं पत्र तीनदा वाचलं. गुणांपाशी मी फार थांबले नाही. तिन्ही वेळा अडले ती शेवटाकडच्या ओळीवर: 'उलट बोलत नाही, जेवते आणि अभ्यासाला बसते.'

ही सुधारणा नाही हो. टेस्ट सिरीजच्या धबडग्यात, रात्री रूमवर बसून, कुणी न सांगता जिने अख्खी वही भरली, ती मुलगी वही फाटल्यावर भांडली असती, रडली असती, दार आपटून आत गेली असती, तर मला कमी काळजी वाटली असती. रिपीट करणाऱ्या मुलांशी मी बरीच वर्षं बोलते आहे. 'आता लायनीवर आली' असं घरच्यांना वाटतं, नेमक्या त्याच दिवसांत काही मुलं आतून विझत चाललेली असतात. म्हणून करिअरचं थोडं नंतर. आधी हे पाहा: तिला झोप लागते का? मैत्रिणींचे फोन घेते का? आवडीने खायची ते अजून खाते का? 'मी नसते तर बरं झालं असतं' अशा अर्थाचं काही बोलून गेली आहे का? यातलं एक जरी खटकलं तरी १४४१६ या टेली-मानसच्या सरकारी नंबरवर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतून बोलता येतं. तिच्या आईलाही हे वाचायला द्या. तुमच्या पत्रात आईचा उल्लेख कुठेच नाही.

आता वहीबद्दल. तुम्ही ती पेंग्विनपायी फाडली असं मला वाटत नाही. फोटोतल्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात तिने लिहिलंय: 'आपल्या दुकानातला युरिया, पिकाने न घेतलेलं नत्र, मातीतले जिवाणू, नायट्रस ऑक्साइड. कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट.' ज्या गोण्या विकून तिची फी भरली, त्याच गोण्यांवर लेकीने बोट ठेवलं, हे तुमच्या जिव्हारी लागलं असणार. बापाचं मन आहे, लागणारच. पण तिने लिहिलंय ते बरोबर आहे. पिकाने न उचललेल्या नत्रापैकी काही भागाचा मातीतले जिवाणू नायट्रस ऑक्साइड वायू करतात, रानात पाणी साचलं की जास्तच. शंभर वर्षांच्या हिशेबात त्या वायूचा एक किलो साधारण २७० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवून धरतो. यात तुमच्यावर आरोप कुठे आहे? युरियाशिवाय पिकं निघणार नाहीत हे शेती सेवा केंद्राच्या गल्ल्यावर बसून मोठी झालेल्या मुलीला कळत नसेल का?

त्याच्याच खाली आणखी एक ओळ आहे. रागात ती तुमच्या नजरेतून सुटली असावी. 'म्हणून नीम कोटेड करतात का? बाबांना विचारायचं.'

ही ओळ वाचून मी बराच वेळ फोटो तसाच उघडा ठेवला होता. युरियाला निंबोळी तेलाचा लेप का देतात, हे पुस्तकात सापडलं नाही, ते तिला तुमच्याकडून शिकायचं होतं.

आता ती थंडीची गोष्ट. असा समज पुष्कळांचा असतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. अंटार्क्टिकावरच्या एम्परर पेंग्विनसाठी समुद्रावर गोठलेला बर्फ हीच जमीन. किनाऱ्याला धरून गोठलेल्या त्या थरावर हे पक्षी तिथल्या ऐन हिवाळ्यात, मे-जूनमध्ये अंडी घालतात. मादी पोट भरायला समुद्राकडे जाते आणि नर ते एक अंडं पायांवर घेऊन साधारण ६५ दिवस उपाशी उभा राहतो. पिल्लाच्या अंगावर आधी करडी मऊ लव असते, ती पाण्यात भिजते. पाणी न शिरणारी पिसं पुरती यायला डिसेंबर-जानेवारी उजाडतो. तोवर पायाखालचा बर्फ टिकला पाहिजे. २०२२ साली अंटार्क्टिकाजवळच्या बेलिंग्सहाउझेन समुद्रात तो त्याआधीच फुटला, आणि तिथल्या पाच वसाहतींपैकी चार वसाहतींत त्या हंगामातलं एकही पिल्लू वाचलं नसावं असा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे. पारा किती चढला यापेक्षा बर्फ किती आठवडे आधी गेला, यावर त्या पिल्लांचं जगणं-मरणं ठरलं. हे तर तुम्हाला माझ्याहून लवकर समजेल. जिल्ह्यात पावसाने सरासरी गाठली असं कागदावर दिसतं, पण पेरणीनंतर तीन आठवड्यांचा खंड पडला की उगवलेलं सोयाबीन माना टाकतं, आणि काढणीला झड लागली की शेंगेतच कोंब फुटतात. सरासरी गाठली म्हणून शेतकरी त्या वर्षाला चांगलं म्हणत नाही. उत्तर टोकाकडेही दुखणं हेच आहे. कॅनडात हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्याची ध्रुवीय अस्वलं समुद्रावरच्या बर्फावरून सीलची शिकार करतात. बर्फ लवकर फुटतो, उशिरा धरतो, आणि मधले महिने ती किनाऱ्यावर चरबी जाळत काढतात. २०१६ साली त्यांची संख्या सुमारे ८४२ मोजली होती, २०२१ साली ६१८.

बर्फ का जातो, हेही त्याच पानावर आहे. आधी तिने लिहिलं होतं, 'ओझोनला भोक पडलं, ऊन आत आलं, बर्फ वितळला.' मग ते खोडून शेजारी: 'चूक. ओझोनचा प्रश्न अतिनील किरणांचा. इथे बाहेर जाणारी उष्णता अडते.' कोळसा, तेल आणि वायू जाळून आपण हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत २८० भागांवरून ४२० च्या वर नेला. १९५८ साली हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर रोजची मोजणी सुरू झाली तेव्हा तो ३१५ च्या आसपास होता. पत्र्याला चुना मारला की घर कमी तापतं, तसा बर्फावरचा पांढरा हिम बहुतेक ऊन परत पाठवतो. तो गेला की खालचं काळं पाणी तेच ऊन पिऊन बसतं आणि आणखी बर्फ वितळवतं. १९७९ पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला आहे, त्याचं हे एक मोठं कारण. ओझोनची ती चूक मी पदवीधरांच्या तोंडूनही ऐकली आहे. या मुलीने ती स्वतः पकडली, स्वतः खोडली. तिचे ४३१ गुण बाजूला ठेवा आणि ही खाडाखोड पाहा. मला तिच्याबद्दल जे कळलं ते या खाडाखोडीतून.

'नोकरी कोण देणार' हा तुमचा प्रश्न मात्र रास्त आहे, आणि त्याचं गोड उत्तर मी देणार नाही. अंटार्क्टिकावर भारताची मैत्री आणि भारती ही दोन केंद्रं आहेत, आर्क्टिकमध्ये नॉर्वेच्या न्यू-ऑलेसुंडला २००८ पासून हिमाद्री आहे. या सगळ्याचा कारभार गोव्यात वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो. अंटार्क्टिकाच्या पेंग्विन आणि सीलवर डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या लोकांनी काम केलं आहे. हवामानासाठी पुण्याची आयआयटीएम ही संशोधन संस्था आहे. पण जागा थोड्या असतात. पीएचडी होईपर्यंत वयाची अठ्ठावीस-एकोणतीस वर्षं उलटतात, आणि मधल्या काळात नेट ही परीक्षा काढून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. ही वाट लांबची आहे. मुलीच्या जातीने तिकडे जावं का, असं घरात कुणी म्हणालंच, तर नागपुरात जन्मलेल्या, पुणे विद्यापीठात शिकलेल्या अदिती पंत १९८३ सालच्या तिसऱ्या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकाला गेल्या होत्या एवढं सांगा. या गोष्टीला चाळीस वर्षं होऊन गेली.

तिसऱ्यांदा नीट? माझं स्पष्ट मत, नको. क्लासचे सर ज्या वर्षाची फी घेणार आहेत, त्याच वर्षाबद्दल तुम्हाला सल्ला देताहेत, हे ध्यानात ठेवा. मुलगी स्वतःहून, डोळ्यांत डोळे घालून 'मला डॉक्टरच व्हायचंय, अजून एक संधी द्या' म्हणाली तर गोष्ट वेगळी. तुमच्या पत्रात तिचं असं एकही वाक्य नाही. आत्ताचे ४३१ वाया घालवू नका. महाराष्ट्रात पशुवैद्यकीय पदवीचे प्रवेशही नीटच्या गुणांवर होतात, परभणी आणि उदगीरची कॉलेजं तुम्हाला लांब नाहीत, आणि वन्यजीवांच्या कामात पशुवैद्यांची गरज कायम असते. आयसर आणि नायसर या विज्ञान संस्थांच्या आयएटी आणि नेस्ट, केंद्रीय विद्यापीठांची सीयूईटी या प्रवेश परीक्षांचं यंदाचं वर्ष हातचं गेलं, पण चांगल्या कॉलेजातून बीएस्सी करून पुढे एमएस्सीला आयआयटींची जॅम किंवा वन्यजीव संस्थेची प्रवेश परीक्षा देता येते.

आणि आता जे सांगते ते तुम्हा दोघांनाही अनपेक्षित असेल. ते पान मी एखाद्या प्राध्यापकाच्या नजरेने वाचलं, तर त्यातली सगळ्यात अस्सल नोंद पेंग्विनची नाही. पेंग्विनबद्दल तिने वाचलं आणि उतरवलं. युरियाची साखळी मात्र तिने स्वतः जोडली, आणि तिच्यापुढे प्रश्नही स्वतःचाच टाकला. बर्फ ध्रुवावर वितळतो, पण तो वितळवणारी कारणं तिथे नाहीत, ती आपल्या चुलीत, गाड्यांत, वीज केंद्रांत आणि काही अंशी रानात आहेत. मराठवाड्याच्या काळ्या मातीतून कोणत्या पिकात, किती पाण्यावर, कोणत्या खताने किती नायट्रस ऑक्साइड निघतो आणि उत्पन्न न घटवता तो कमी कसा करायचा, हे रानात मोजणारी माणसं आपल्याला खूप हवी आहेत. बीएस्सी ॲग्री, मग मृदाशास्त्र. परभणीचं कृषी विद्यापीठ जवळच आहे. राज्याची सीईटी दिली असेल तर यंदाच, नसेल तर पुढच्या वर्षी. यात तिची स्वप्नं कापली जात नाहीत. बेलिंग्सहाउझेनची पिल्लं वाचायची असतील तर कामाचा मोठा हिस्सा इथेच करावा लागणार आहे, आणि तिला दुकानात लहानपणापासून जे दिसलं ते शहरातल्या हुशार मुलांना पुस्तकातून शिकावं लागेल. निवड अर्थात तिची. मी फक्त दार दाखवते आहे.

मुलीसाठी दोन ओळी, तिला वाचायला द्या. बाळ, त्या चार वसाहतींत काय झालं ते तिथे उभं राहून कुणी पाहिलं नाही. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रांत बर्फावर विष्ठेचा तपकिरी डाग दिसतो, त्यावरून वसाहत ओळखतात. डाग होता, मग त्याखालचा बर्फच नाहीसा झाला, हे संगणकासमोर बसून शोधलेलं आहे. म्हणजे प्राण्यांवरचं प्रेम पुरत नाही, संख्याशास्त्र यावं लागतं, थोडं प्रोग्रामिंग आणि जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशांचं काम, यावं लागतं. बारावीला गणित नव्हतं म्हणून बिचकू नकोस, पण आजपासून त्याला टाळूही नकोस. ती चित्रं कुणालाही फुकट पाहता येतात. तोच उपग्रह तुमच्या तालुक्यावरूनही दर काही दिवसांनी जातो. आधी बाबांच्या ओळखीच्या शेतकऱ्याचं रान त्यात शोधून बघ.

भाऊ, तुमच्याकडून एवढंच हवं आहे. क्लासची फी भरायची थांबवा, निदान पंधरा दिवस. गुण, सीट, मामा काय म्हणाले, यातलं काहीही तिच्यापुढे काढू नका. आज रात्री दुकानाचं शटर ओढलं की तिच्याजवळ बसा. वही फाडली ते चुकलं, हे आधी म्हणा, तिच्या आईसमोर म्हणा. मग तिचा तो प्रश्न. २०१५ पासून देशातल्या शेतीचा जवळपास सगळा युरिया निंबोळी तेलाचा लेप देऊनच का येतो, नत्र हळू सुटल्याने पिकाला काय मिळतं, शेतकऱ्यांना रानात काय फरक दिसला, हे दर हंगामात गिऱ्हाइकांना सांगता तसंच तिलाही सांगा. ती लगेच बोलणार नाही कदाचित. तरी पूर्ण सांगा.